भाकरीची नाडी

येडशीला छोट्या रेल्वेतून उतरलो तेव्हा माझ्या कानाला एक चिमटा होता आणि कमरेला डबी. चिमट्यातल्या दिव्यानं कानाच्या पाळीतलं रक्त बघायचं नि डबीनं नाडीचे ठोके सांगायचे, असं ते परदेशी यंत्र. पळत्या माणसाबद्दल ते खरं बोलतं का, हे तपासायला आमच्या पुण्याच्या कॉलेजनं मला धाडलं होतं. स्टेशनातल्या हमालानं कळवळून विचारलं, "कान लई ठणकतोय का, सायेब?"

तेरच्या वाटेवर दुष्काळी कामाचा पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारं तळं) खोदणं चाललं होतं. तिथं मातीच्या पाट्या वाहणाऱ्या कोंडाबाई आणि त्यांचा मुलगा गौतम भेटले. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला गौतमची पोलीस भरतीची धाव होती. मला आयताच पळणारा सापडला! यंत्र लावून त्याला बांधावरून पळवला. डबीवरचा आकडा बघून मी ओरडलो, "अरे बापरे! हे काळीज आहे की डिझेल इंजिन?"

कोंडाबाईंनी पाटी खाली टाकली. "ह्येचे वडील असंच काळीज धडधडून गेले. उद्या न्हाय जायचं."

"माय, वर्षभर पळतोय म्या!"

"पळलास तेवढं बास."

माझ्या जिभेनं एका पोराची नोकरी घालवली होती. तरी दुपारी त्याच माउलीनं मला ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. गौतमनं रागानं चिमटा उचलला, भाकरीच्या कडेला लावला आणि भाकरी उन्हात गदागदा हलवली. डबीवर आकडे नाचू लागले!

"माय, बघ! भाकरीचं काळीज माझ्यापेक्षा जोरात पळतंय!"

"मग तिलाच ने की भरतीला," एक बाई म्हणाली. सगळ्या बाया हसल्या. कोंडाबाई हसल्या नाहीत.

"भाकरीचं ऱ्हाऊ द्या, सायेब. माझ्या लेकाचं सांगा."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. चिमटा हिंदकळला की हे यंत्र हिसक्यांनाच ठोके समजत होतं. गौतमला पुन्हा पळवला, थांबवला आणि मनगट धरून घड्याळावर नाडी मोजली; उभ्यानं चिमटा लावला तर डबीही तेच सांगत होती. जोरात, पण एका लयीत. आणि बघता बघता उतरत गेली. कोंडाबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला होता. बराच वेळ काढला नाही.

"निवलं," त्या म्हणाल्या. "जा. पण म्या संगं येणार."

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेनं मीही ओरडत धावलो, चप्पल तुटून उताणा पडलो. गौतम धावेत पास झाला. तो आला तेव्हा धापा मात्र मीच टाकत होतो. त्यानं माझंच मनगट धरलं. "सायेब, तुमी आधी सावलीत बसा!"

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला: उभ्या माणसाचं हे यंत्र बरोबर सांगतं, पळत्याचं अजून नाही. 'अजून' या शब्दाखाली रेघ ओढली. कारण निघताना कोंडाबाईंनी बजावलं होतं, "मशीन सुधारली की घिऊन या. ह्यो पळताना म्या हात कसा ठिवू छातीवर?"