सुमतीकाकूचा काढा

बाटलीतून येतं ते औषध आणि घरच्या चुलीवर उकळतं ते खाणंपिणं, अशी आमच्या सुमतीकाकूची सरळ समजूत. ठाकुरद्वारच्या आमच्या सगळ्या चाळीचीच म्हणा ना.

श्यामकांतकाका कचेरीत हेडक्लार्क. हृदय दुबळं, म्हणून डॉक्टरांनी डिजिटॅलिसच्या गोळ्या दिलेल्या. पण साल छप्पन्न. संयुक्त महाराष्ट्राची सभा गिरगावात असो की लालबागला, काका घोषणा देऊन घसा बसवून यायचे. मग काकू ज्येष्ठमधाचा काढा करायची. पुढे तो रोजचाच झाला.

हळूहळू काकांचं जेवण तुटलं. मळमळायचं, पांढऱ्या भिंती पिवळ्या दिसायच्या. एकदा भोवळ येऊन पडले.

"दुसरं काही औषध देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो," काकू म्हणाली, आणि अशक्तपणा आलाय म्हणून काढा दाट करू लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना चुलीवरचं पातेलं दिसलं. मी तिथेच होते. "ज्येष्ठमधानं ही गोळी अंगात विषासारखी भिनते," ते काकूला बाजूला घेऊन म्हणाले. "अजून थोडे दिवस गेले असते, तर हे हाती लागले नसते." काकूचा चेहरा मला बघवेना.

काढा बंद झाला, गोळ्याही काही दिवस थांबवल्या; काका सावरले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काकांनी काढ्याचं विचारलं की काकू म्हणायची, "ज्येष्ठमध संपलाय." खरं सांगायची तिची छाती झाली नाही. मग काकांनीच अर्थ लावला: गोळ्यांनी घात केला, काढ्यानं तारलं. ते गोळ्या खिडकीबाहेर टाकू लागले. पाय सुजले, दोन जिने चढताना धाप लागू लागली, तरी येईल त्याला सांगायचे, "सुमती होती म्हणून वाचलो." काकू खाली मान घालून भाजी निवडत बसायची. मला तिचा भयंकर राग यायचा.

एका संध्याकाळी काकांना बसल्याजागीच श्वास पुरेना. काकूनं गोळी पुढे केली, तर त्यांनी तिचा हात झटकला. काकू त्यांच्या पायाशी बसली.

"अहो, तो काढाच तुम्हाला भोवला. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी लपवलं तुमच्यापासून."

काकांनी गोळीसाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "पाणी आण."

तिनं पेला दिला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पेला उजेडाकडे धरून आत नीट पाहिलं, आणि मग प्यायले.

ते एका शब्दानंही तिला कधी बोलले नाहीत. पण पुढे जगले तितकी वर्षं पेल्यात पाहूनच पाणी प्यायले. आणि त्यांचं पाहून होईपर्यंत काकू रोज समोर उभी राहायची.