भिंतीवरचा तलाव

“मोजलं का?”

बाईंचं हे पहिलं वाक्य, नमस्कार त्यानंतर. कुणी म्हटलं यंदा झिंगे कमी आले, की “मोजलं का?” कुणी म्हटलं पोट्टे शाळेत येऊन नाई राह्यले, की “मोजलं का, का नुसतं बोलून राह्यले?” एकदा मी सहज म्हणालो, आज चहात साखर कमी पडली. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने कप रिकामा केला.

आमची शाळा दोन गुरुजींची, पाचवीपर्यंत. मी मुख्याध्यापक, म्हणजे खुर्ची माझी, आणि तिच्यावर माझा फार जीव. बाई कुरखेड्याकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांच्या पायाला भिंगरी. त्यांच्या वर्गातल्या खुर्चीवर कायम कसलं तरी खोकं असायचं. डबासुद्धा त्या ओट्यावर येरझारा घालत खायच्या. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याकडे नुसतं बघून आपल्यालाच धाप लागते.

पाचवीला स्तंभालेख शिकवायचा होता. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, त्यावर चार खांब, संपला धडा. मी तरी इतकी वर्षं तसाच उरकत आलो. बाईंनी गावभरातून रिकाम्या काड्यापेट्या गोळा केल्या आणि जमिनीवर खडूने तीन घरं आखली. मरळ, मांगूर, झिंगे. ज्याला जो मासा आवडतो त्याने त्या घरात आपली पेटी रचायची. गाव मासे धरणाऱ्या ढिवरांचं, त्यात विषय माशांचा. वर्गाला नुसता चेव आला. मरळीचा खांब भराभर चढला, मांगूर बरा होता, झिंग्यांचा मात्र पार बुडाशी. तेवढ्यात एका पोट्ट्याने हळूच मरळीवरची आपली पेटी काढली आणि झिंग्यांवर ठेवली. त्याचं पाहून दुसऱ्यानेही तेच केलं. थोड्या वेळाने बघतो तर तिन्ही खांब सारखे. असं काऊन केलं म्हणून विचारलं तर पहिला पोट्टा म्हणाला, झिंग्याचा लहानच राहून राह्यला होता, बरं नाई वाटत.

मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. बाईसुद्धा हसल्या, पण मग खाली उकिडव्या बसून त्यांनी पोरांना समजावलं. “खांबाची दया नाई करायची. जेवढं आहे तेवढंच रचायचं. आपण दया केली तं खांब खोटं बोलते, अन् त्याले पाहून मंग कोणीतरी फसते.”

वाचायलाही त्यांनी असंच शिकवलं. खांबावर बोट ठेवून विचारायच्या, “हा काय म्हणून राह्यला?” सुरुवातीला दोघातिघांनी खरंच काड्यापेट्यांना कान लावला. काय सांगू तुम्हाला, आमची पोट्टी म्हणजे नग आहेत एकेक.

त्याच उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढला. मशीन आली, लोकांनी ट्रॅक्टर भरभरून गाळ वावरात नेला, सगळे खुश. पण मशीनने कुठे हातभर उकरलं तर कुठे विहीर करून ठेवली. पाऊस पडला, तलाव भरला आणि वरून सगळीकडे सारखाच दिसू लागला.

दुसरीतली मैना आईसोबत घाटावर गेली. मागच्या साली जिथे तिच्या कमरेएवढं पाणी होतं, तिथे तिने पाय टाकला आणि दिसेनाशीच झाली. बायांनी केसाला धरून ओढली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या त्या लाल डोळ्यांनी. म्हणाल्या, “मले झोपच नाई आली सर. पोट्ट्यांले पाणी दिसते, खड्डा नाई दिसत.” मी म्हटलं, ग्रामपंचायतीला सांगून पाटी लावू. बाई म्हणाल्या, पहिलीतल्या पोराला पाटी वाचता येते का? खरं होतं.

बाईंना पोहता येत नव्हतं. तरी त्या मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या भाऊंच्या डोंग्यात चढल्या. ओठ पांढरे पडलेले, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला. भाऊ खुणा केलेला बांबू पाण्यात टाकायचे, बाई आकडा ओरडायच्या आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी असलेली पाचवी तो लिहून घ्यायची. घाट झाला, वडाखाली झालं, देवळामागे झालं, सांडवा झाला. उतरल्यावरही त्यांचं तोंड चालूच होतं.

मग पावसाने उघडीप देताच त्यांनी शाळेची तलावाकडची भिंत धरली. चुन्यात नीळ कालवली आणि रंग उडू नये म्हणून त्यात डिंक घातला. पाचवीने विचारलं, प्रमाण काय घ्यायचं? बाई म्हणाल्या, एका हाताला एक हात. पाणी जेवढं खोल तेवढाच उंच खांब, थेट जमिनीपासून. प्रत्येक खांबाशेजारी त्या जागेचं चित्र काढलं, कुठे वड, कुठे देऊळ. रंग वाळल्यावर बाईंनी मैनाला घाटाच्या खांबाला पाठ लावून उभी केली. निळा रंग तिच्या डोक्याच्या कितीतरी वर गेला होता.

“हा काय म्हणून राह्यला, मैना?”

मैनाने मान वर करून पाहिलं. “म्हणते, मी तुयाहून उंच हाय. येऊ नको.”

संध्याकाळी बाया आल्या, एकेकीने खांबाला पाठ लावून पाहिली आणि कपडे धुण्याची जागा घाटावरून वडाखाली गेली. तिथला खांब पोराच्या कमरेएवढाच होता.

पुढे बाईंची बदली भामरागडकडे झाली. सारा गाव एसटीपर्यंत पोचवायला आला. बाई मात्र पायरीवर उभ्या राहून मलाच बजावत होत्या. “ही भिंत एका सालाची आहे सर. तलाव उकरला का पुन्हा मोजाल.” मग फोन यायचे. उन्हाळाभर आठवड्याला एक तरी. पावसाळा लागला की तिकडचे रस्ते बंद आणि फोनही बंद.

यंदा मशीन पुन्हा आली आणि नेमकी वडापाशी चालली. मोठा पाऊस होऊन गेल्यावर मी गावात म्हटलं, पाणी मोजू आणि भिंत पुसू. लोक तयार होईनात. पोट्टे दर दिवाळीला त्या खांबांना नवी नीळ लावतात. बाईच्या हातचं आहे सर, राहू द्या, असं म्हातारे भाऊसुद्धा म्हणाले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसवत नव्हतं.

आणि एका दुपारच्या सुट्टीत पहिलीतला एक पोट्टा वडाच्या खांबाला पाठ लावून, रंग पोटापर्यंत येतो का ते बघताना दिसला. “माया पोटालोकच हाय,” असं मित्राला सांगून तो सदरा काढत तलावाकडे पळाला. या वयात मी कसा धावलो ते माझं मला माहीत. पाण्याच्या कडेला त्याचं मनगट हाती लागलं.

मग भाऊंनी एका शब्दाने आडकाठी केली नाही. मी स्वतः डोंग्यात चढलो. वडाखाली बांबू आत गेला, जातच राहिला, भाऊंचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला तरी तळ लागला नाही. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि डोंगा वळवला.

भिंत पुसायला पाचवीला बोलावलं. मैना आता पाचवीत आहे. ती हात मागे बांधून उभी राहिली. “म्हंजे बाई खोटं बोलल्या का सर?”

“नाई बेटा. बाई खऱ्याच होत्या. तलाव बदलला. आता तसंच ठेवलं तं आपण खोटे.”

ती गेली आणि स्वतःच बादली भरून घेऊन आली. ओल्या पोत्याने तिने घाटाचा खांब घासायला घेतला. रडत होती, पण थांबली नाही. आमचे सगळ्यांचे हात निळे झाले. मलाही फार वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू?

आता पाऊस थांबत नाही आणि भिंत वाळत नाही. ओल्या भिंतीवर चुना धरत नाही. कोळशाने खांब काढले तर एका सरीत धुऊन गेले. बाईंचा फोन लागत नाही. म्हणून शाळा सुटली की मी वडाखाली पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहतो, अंधार पडेपर्यंत. काल तोच पहिलीतला पोट्टा आला आणि त्याने विचारलं, “सर, इथी किती हाय?”

मी हात त्याच्या डोक्यावर धरला. मग माझ्या डोक्यावर नेला. मग टाचा उचलून जेवढा जाईल तेवढा वर नेला. पोट्टा हाताकडे बघत बघत मागे सरकला.