डॉक निवड उपसमिती

निवड करायची संधी मिळाली की आमच्या माणसांच्या अंगात येतं. माझ्या लहानपणी स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी आणि मिळेल त्या रंगाची मुकाट्यानं घरी आणणारी हीच माणसं. पुढे बाजार खुला झाला, दुकानात एका वस्तूच्या जागी दहा आल्या आणि दहांतून एक उचलता येणं म्हणजेच अक्कल, अशी सगळ्यांची समजूत झाली. हैदराबादेत कोठी भागातल्या आमच्या मराठी मंडळानं कॉम्प्युटरसाठी डॉक निवडला, तो याच भरात.

डॉक म्हणजे काय, ते सांगते. पडद्याच्या एका कडेला एक पट्टी बसवायची, तिच्यात रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमची चित्रं ओळीनं मांडायची, आणि हव्या त्या चित्रावर क्लिक केलं की तो प्रोग्रॅम उघडतो. बस्स, एवढंच. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मंडळाचं तर मुळीच अडत नव्हतं, कारण तो कॉम्प्युटर वापरणारं माणूस एकच होतं, माझी आई.

मंडळाचं मासिक पत्रक आई काढायची. आधी हातानं लिहून, मग कॉम्प्युटर आल्यावर टाइप करून. बाबा गेल्यानंतर हिमायतनगरच्या घरातून बाहेर पडायला तेवढंच एक कारण तिच्याजवळ उरलं होतं. मग डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडले. समोरचं पुसट होईल, कडेचं दिसत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई मान तिरकी करून कडेनं बघायला शिकली. पत्रक हातचं जाऊ नये, एवढाच एक ध्यास होता तिला.

मी तिला एक युक्ती करून दिली होती. टायपिंगच्या प्रोग्रॅमचं चित्र चांगलं मोठं करून पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि जुन्या पत्रकांचं उजव्या वरच्या. माऊस ढकलत राहिलं की बाण कोपऱ्यात जाऊन अडतो. अडला की किंचित आत घ्यायचा आणि दाबायचं. आई ते न बघताही करायची. टाइप करताना अक्षरं भलीमोठी करून घ्यायची.

हे सुरळीत चाललेलं कुणाच्या डोळ्यांत खुपलं, तर पुण्याहून नव्यानं आलेल्यांच्या. शहराच्या पलीकडच्या टोकाला काचेच्या इमारतींत नोकऱ्या करणारी ही मंडळी दर रविवारी आमच्या मंडळात येऊन आम्हाला सुधारायची. हैदराबादेत चार वर्षं काढूनही भाजीवाल्या अम्माशी इंग्रजीत बोलणारे हे लोक, आमचं मराठी मात्र यांना अशुद्ध वाटायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. त्यांच्यातला कोथरूडचा एक जण एकदा पडद्याकडे बघून नाक मुरडत म्हणाला की हे फारच क्लटर्ड आहे, इथे डॉक हवा.

आमच्या जुन्या घराण्यांचं कौतुक करावं, तर तीही त्याच माळेतली. आजोबा, पणजोबा सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टांत मोठ्या जागांवर होते, त्या पुण्याईवर हे अजून खुर्ची अडवून बसलेले. सुंभ जळला तरी पीळ गेलेला नाही. डॉक हा शब्द त्यांनी त्याच दिवशी ऐकला असेल, पण निवड म्हटल्यावर ती आपल्याशिवाय व्हायची कशी? रीतसर ठराव मांडला गेला, सूचक आणि अनुमोदक मिळाले, आणि डॉक निवड उपसमिती नेमली गेली. आईला तिच्यात घेतलं नाही. विषय तांत्रिक होता म्हणे.

उपसमितीच्या पहिल्या बैठकीला मी हट्टानं जाऊन बसले. पुढ्यात चहा आणि उस्मानिया बिस्किटं होती. एका डॉकमधली चित्रं बाण जवळ आला की फुगायची. एक काचेसारखा चमकायचा आणि चित्रांची सावली खाली पडायची. या सावलीवर शिकलेसवरलेले पुरुष अर्धा तास बोलले. मग कुणाचं चित्र आधी, यावर मानपान निघाला. अध्यक्ष आमच्या ओळखीतले वकीलसाहेब. ते म्हणाले की शुभारंभ गणपतीनं व्हावा. गणपती उघडत काहीच नव्हता, पण त्याचं चित्र पहिलं बसलं. वापरणारीला काय सोयीचं, हे मी विचारलं, तर तारनाक्याचे निवृत्त प्राध्यापक मला समजावून सांगू लागले की तुझा मुद्दा चांगला आहे, पण आजच्या विषयपत्रिकेवर तो नाही. मी उठून चालती झाले. पुढच्या बैठकांना गेले नाही. असल्या लोकांत बसून मला रक्तदाब वाढवून घ्यायचा नव्हता.

त्यानंतरच्या महिन्यात आई पत्रकासाठी म्हणून मंडळात गेली आणि तासाभरात परत आली. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पलंगावर जाऊन बसली. मी विचारलं, तर म्हणाली, "आता नक्को बाई. झालं माझं." दुसऱ्या दिवसापासून तिनं वर्तमानपत्र हातात घेणं सोडलं. मला वाचून दाखवायला सांगू लागली. भाजी निवडेना. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागली. मी घाबरले आणि तिला कोठीच्या त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी दोनदा तपासलं आणि डोळे मागच्या खेपेला होते तसेच आहेत, असं सांगितलं. रिक्षात आई मला म्हणाली, "डॉक्टर बिचारे मन राखतात."

मला राहवेना. तिला घरी सोडलं आणि तशीच मंडळात गेले. वकीलसाहेब आणि तो कोथरूडचा, दोघंही तिथेच होते. मी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर मंडळाच्या स्थापनेच्या वेळचा फोटो होता, सगळे थोर पुरुष डोक्याला दस्तार, म्हणजे निजामी पगडी, बांधून बसलेले आणि उभे राहिलेले. त्याखेरीज पडद्यावर काहीही नव्हतं. आईचे दोन्ही कोपरे साफ होते. डॉकसुद्धा कुठे दिसेना.

त्या दोघांना विचारलं, तेव्हा सगळा प्रकार कळला. समितीनं चमकणारा डॉक पसंत केला आणि तळाशी लावला. त्यानं फोटोतली खाली मांडी घालून बसलेली रांग झाकली गेली. त्या रांगेत प्राध्यापकांचे काका. वर लावला, तर मागे उभे असलेल्यांच्या दस्तारी जायच्या, आणि त्यांत वकीलसाहेबांचे आजोबा. डावीउजवीकडे लावला तरी कुणाचं ना कुणाचं घराणं झाकलं जायचंच. फोटो काढून टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी डॉक एरवी लपून राहावा आणि बाण तळाशी नेला तरच वर यावा, असं सर्वानुमते ठरलं. आईच्या डाव्या कोपऱ्यातलं चित्र त्या आजोबांच्या डोक्यावर बसत होतं, म्हणून ते उडवलं, आणि त्याच्याबरोबर उजवंही. कोथरूडचा मला मोठ्या प्रेमानं म्हणाला, "साधंच आहे, ताई. खाली नेलं की येतं वर. आम्ही सगळ्यांना मेलसुद्धा केला होता."

माझी आई मेल बघत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी त्याला आणि वकीलसाहेबांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातल्या एकाही शब्दाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. मेलेल्या माणसांची तोंडं दिसावीत म्हणून यांनी जिवंत बाईचं काम लपवून ठेवलं आणि वर ठराव केला. मला त्यांची किळस आली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. माझा हात धरून तिनं मला दोनदा सगळं सांगायला लावलं. मग सावकाश म्हणाली, "मी तिथं विचारलं होतं गं. म्हटलं, वकीलसाहेब, मला इथं काहीच दिसत नाही. ते म्हणाले, वहिनी, वयाचा परिणाम आहे, तुम्ही आता आराम करा."

त्या माणसाला खरंच तसं वाटलं असेल. पडद्यावर काही नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं नसणार. आजोबा स्वच्छ दिसत होते ना त्याला.

मी आईला म्हटलं की कोपरे मी पुन्हा लावून देते, उद्या आपण दोघी जाऊ. कुणी आडवं आलं तर मी बघते.

"मला दिसतंय म्हणतेस ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग त्यांची तोंडं बघायला मी आता जायची नाही."

आणि तिनं टीपॉयवरचं वर्तमानपत्र ओढून घेतलं, मान तिरकी केली आणि पहिल्या पानापासून स्वतः वाचायला लागली.