वळणावरचा निळा डाग

बाबांच्या डाव्या मनगटाला कान लावला की आतून घरघर ऐकू यायची, बोटं ठेवली की ती हातालाही लागायची. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी तिथली धमनी आणि शीर एकमेकींना जोडली होती. या जोडाला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर फुगते आणि डायलिसिसच्या जाड सुया तिच्यात टोचता येतात. आठवड्यातून दोनदा बाबा आमच्या मूल गावाहून एसटीने नागपूरला जायचे. घरघर चालू म्हणजे रक्त चालू. ती रोज सकाळी तपासायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा राइस मिलमध्ये फिटर. पान्हे फिरवून बोटांना घट्टे पडलेले, त्यांना काही जाणवायचं नाही. म्हणून चहा टाकण्याआधी आई त्यांचं मनगट हातात घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "चालू हाये."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी नागपूरला एम.टेक. करत होते. प्रबंधासाठी मी फिस्टुल्यातल्या रक्तप्रवाहाचं कॉम्प्युटर मॉडेल हा विषय मागून घेतला. मापं बाबांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून घेतली: धमनी किती रुंद, शीर किती, जोड कोणत्या कोनात. प्रबंधात त्यांचं नाव लिहायची सोय नव्हती. तिथे ते 'रुग्ण एक' झाले. ती नळी स्क्रीनवर काढायची, तिचे हजारो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात रक्त किती वेगाने जातं ते कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं. लॅबमधलं ते मशीन एका गणिताला दोन दोन दिवस घ्यायचं.

उत्तर रंगांत यायचं. लाल म्हणजे वेग, निळं म्हणजे संथ. जोडाच्या जरा पुढे, शीर वळते तिथे आतल्या बाजूला एक निळा डाग दिसला. तिथे रक्त पुढे जायचं सोडून जागच्या जागी गरगरत होतं. गुठळी धरते ती अशाच जागी. मला वाटलं, तुकडे जाड पडले असतील. आणखी बारीक करून पुन्हा चालवलं. डाग लहान झाला, पण गेला नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "असं येतंच. पुढचं काम बघ."

त्या शनिवारी रंगीत प्रिंट घेऊन मी घरी गेले. बाबांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. मग निळ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "इथी जमा होते."

"तुम्हाले कसं समजलं?"

"ब्लोअरच्या पाईपात भुसा असाच वाकनावर बसते. तीस वर्षं तेच काढून राह्यलो ना."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन दिवसापासून आवाज जरा बारीक लागून राह्यला मले."

मी दोघांचं ऐकलं. आणि म्हटलं, "बाबा, हा तुमचा हात नाई, गणित हाये नुसतं."

ते खोटं नव्हतं. मी शिरेची भिंत कडक धरली होती, खरी शीर तर लवते. रक्त पाण्यासारखं साधं धरलं होतं. इतक्या धरलेल्या गोष्टी घेऊन डॉक्टरांपुढे उभं राहायची मला लाज वाटली. ते हसतील, म्हणतील, विद्यार्थिनी आहे. मंगळवारी बाबांचं डायलिसिस नेहमीसारखं झालं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि प्रिंट पिशवीत होती. डॉक्टर दोनदा आमच्यासमोरून गेले.

बुधवारी सकाळी हॉस्टेलवर फोन आला. आई शेजारच्या किराणा दुकानातून बोलत होती. "आवाज नाई येऊन राह्यला," एवढंच म्हणाली. मागे दुकानाचा तराजू खणखणत होता.

दुपारी बाबांना नागपूरला आणलं. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर डॉक्टरांनी गुठळी दाखवली. मला ती शोधावी लागली नाही. जोडाच्या पुढे, वळणावर, आतल्या बाजूला. गुठळी काढायचा प्रयत्न फसला. मग डायलिसिससाठी मानेत नळी घातली. तिसऱ्या आठवड्यात त्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन ताप भरला, आणि बाबा गेले.

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचं मॉडेल बरोबर आहे, हे कशावरून?"

"रुग्णाला गुठळी त्याच जागी झाली, सर."

"व्हेरी गुड," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. माझे सर माझ्याकडे बघून हसले. रुग्ण कोण, हे मी त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

आजही फ्रिजची घरघर थांबली की मी हातातलं काम सोडून तिकडे बघते. शांत खोलीत मला बसवत नाही. एका डॉक्टर मैत्रिणीने समजावलं होतं, असे फिस्टुले बंद पडतातच, आधी सांगितलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. त्या 'कदाचित'वर मी काही वर्षं काढली.

मग एका उन्हाळ्यात, मूलच्या घरी, आईला सगळं सांगितलं. "मले आधीच दिसलं होतं, तरी डॉक्टरले दाखवलं नाई मी. ते खरंच तिथी जमा होत होतं."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "मले बी लागलं होतं," ती म्हणाली. "बुधवारच्या आधी तीन दिवस. रोज आवाज कमी कमी. अन् मी रोज त्याइले सांगत गेली, चालू हाये म्हणून."

"काऊन?"

"तू म्हणाली होती ना, गणित हाये नुसतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.