दोन सेन्सर, एकच रेंज

मी पातूरच्या आमच्या वावरातल्या ठिबकसाठी स्वतः कम्पायलर लिहिला होता, म्हणजे माझा प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारा प्रोग्राम. लय भारी वाटून राहिलं होतं! वावराच्या दोन टोकांले ओल मोजणारे दोन सेन्सर होते. आकडे वेगळे आले की वावरात बसवलेल्या माझ्या कंट्रोलरच्या डब्यानं कोरड्या टोकाले पाणी सोडायचं. पण दोन्हीची रेंज शून्य ते शंभर, आणि रेंज सारखी म्हणून माझ्या कम्पायलरनं आकडेच सारखे धरले. "हे कधी वेगळे येणारच नाही," असं समजून त्यानं ती तपासणीच काढून टाकली.

मी परीक्षेले अमरावतीले गेलो, बाबा माझ्या डब्याच्या भरवशावर आत्याकडं अकोल्याले. भर उन्हाळ्यात चार दिवसांनी आलो, तं वरच्या टोकाची झेंडूची सारी रोपं वाळली होती.

"कावून बे, पाणी कावून नाही गेलं?" बाबांनी विचारलं.

मी चूक सांगितली. बाबा म्हणाले, "एकाच वावरातली म्हणून नाल्याजवळची माती आन् वरची मुरमाड बरड सारखी ओल धरते काय? मले विचारलं असतं."

दुरुस्ती एका ओळीची होती: दोन्ही रेंजमध्ये एकेकच आकडा शक्य असला अन् तो सारखा असला, तरच सारखे धर. मी धावत सांगाले गेलो. बाबा वाळलेली रोपं उपटून राहिले होते. मान वर न करता म्हणाले, "तुहा तो डबा काढून ने वावरातून."