आपट्याखालचा बोल

त्या वर्षी आदिलाबादकडच्या सोनखासात कुणी काही करतच नव्हतं. साल छप्पन. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती आणि आता हैदराबाद राज्याचे तुकडे करून ते भाषेप्रमाणे वाटणार, अशी बातमी बेल्याच्या बाजारातून दर आठवड्याला नव्यानं यायची. कधी गाव मुंबईकडे जायचं, कधी आंध्रात. एकदा तर दाढी करता करता न्हाव्यानं ते थेट नागपूरला नेऊन ठेवलं. माणसांना काय, निमित्तच पाहिजे असतं. ज्याला छपराची कौलं बदलायची होती त्यानं ती अंगणात रचून ठेवली. ज्याच्या घरी लगीन होतं त्यानं पाहुण्यांना पुढची तिथी कळवली. गावविहिरीतला गाळ तसाच राहिला. विचारलं की एकच उत्तर, "राज्याचं ठरू दे, मंग पाहू." जसा काही विहिरीतला गाळ दिल्लीला विचारूनच काढायचा असतो!

या पाहू-पाहूच्या गावात जयवंता सून म्हणून आली होती. माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, तिथं चार इयत्ता झालेल्या. सासरा माणिकराव, गावातला वडीलधारा माणूस, ज्याच्या शब्दावाचून सोनखासात पान हलत नसे. नवरा तापानं गेला तेव्हा तिची विशी नुकती सरली होती. तेव्हापासून गावानं मनातल्या मनात ठरवून टाकलं की हिचं जे व्हायचं ते होऊन गेलं. आता उरलं दोन वेळचं खाणं आणि वांग्याच्या वाफ्यांना पाणी. एका म्हातारीनं हे तोंडावरही बोलून दाखवलं. जयवंता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माहं काय होऊन गेलं मावशे? मी तं आत्ताशी पंचविशीची होऊन राह्यली." म्हातारीला जन्मात कुणी असं उत्तर दिलं नव्हतं.

माणिकरावांच्या वांग्याच्या वाडीला लागूनच शाळा होती. एक खोली, मातीच्या भिंती, वर पत्रे आणि पुढं ओसरी. निजामाच्या काळात तिथं उर्दू चालायची, मग मराठी सुरू झाली. मास्तर उद्धवराव नांदेडकडचे, एकटेच राहत. मोठ्या पोरांना ते इंग्रजीही शिकवत. एकदा एका पोराला उत्तर येईना, छडी वर गेली, आणि उत्तर आलं ते कुडापलीकडून, वांग्यांच्या वाफ्यातून. मास्तर हसले. संध्याकाळी माणिकरावांकडे येऊन म्हणाले, "तुमच्या सुनेला शिकवतो म्हणतो. डोकं चांगलं आहे."

"पाहू," माणिकराव म्हणाले. त्या घरात पाहू म्हणजे नाही, हे मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

पण सासू सोनाबाई चुलीपासून बोलली, "मी बसत जाईन तिच्यासंगं. वाती तं मले कुठंबी वळता येतात." मग माणिकरावांना मिशीवर हात फिरवण्यापलीकडे काही उरलं नाही. तेव्हापासून शाळा सुटली की ओसरीवर शिकवणी सुरू व्हायची. एका कोपऱ्यात मास्तर, दुसऱ्यात जयवंता आणि मधे कापसाचा ढीग घेऊन सोनाबाई.

इंग्रजीतला वर्तमानकाळ सरळ गेला, भूतकाळ तर तिला घरचाच होता. गाडी अडली ती भविष्यकाळात. मास्तरांनी सांगितलं, "मी उद्या बेल्याला जाईन, याचं इंग्रजी करा."

जयवंतानं विचार करून सांगितलं, "इफ गॉड डज, आय शॅल गो टु बेला."

"यात देव कुठून आला?"

"आमच्यात असंच म्हनतात गुरुजी. देवानं केलं तं जाईन."

मास्तरांनी दुसरं वाक्य दिलं, पाऊस येईल. तिथंही देव. ती भाजी करील, तिथंही देव. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो जयवंताबाई, भाजीला तरी देवाला चुलीपाशी बसवू नका!"

सोनाबाईनं मान वर न करता विचारलं, "मंग काय उघडं बोलाव? नजर नाई लागत?"

मग जयवंतानं मास्तरांना सगळं समजावलं. सोनखासात पुढं व्हायच्या गोष्टीचं कुणी उघडं नाव घेत नाही. कापूस किती येईल म्हणत नाही, पोर कधी होईल म्हणत नाही, उद्या उठेन असंसुद्धा देवाचं पांघरूण घातल्याशिवाय म्हणत नाही. उघडं बोलायची जागा एकच. दसऱ्याच्या सांजेला गावाची शीव ओलांडायची, तिथल्या आपट्याखाली जमायचं आणि सोनं लुटायच्या आधी घरटी एकानं बोल द्यायचा. विहीर खणीन, पोरीचं लगीन करीन, भावाशी भांडण मिटवीन. तिथं देवाला मधे घालायचं नाही. गावचा वडील मग त्याच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवतो. पान मिळालं की बोल पक्का, काळ्या दगडावरची रेघ. जो बोल मोडेल त्याला पुढच्या दसऱ्याला पान मिळत नाही, सगळ्यांसमोर बाजूला उभं राहावं लागतं.

"अन् तिथं बापेच जातात," ती म्हणाली. "बायका नाई. माह्यासारखी तं नाईच नाई."

मास्तर म्हणाले, "असं करा. इंग्रजी बोलताना तुम्ही आपट्याखालीच उभ्या आहात असं समजा."

हे तिला एकदम उमजलं. त्या सांजेला वांग्याच्या वाफ्यात उभी राहून ती हळूच म्हणाली, "आय शॅल वॉटर द ब्रिंजल्स." देव वगळून. आणि चोरासारखं इकडं तिकडं पाहिलं. आभाळ जागच्या जागी होतं. वांगीही होती. तिला इतका आनंद झाला की सगळ्या वाडीला तिनं दोनदा पाणी घातलं आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या.

पुढं मग ती सुसाट सुटली. ढग दाटून आलेत, आता पाऊस पडणारच, हे म्हणायची इंग्रजीत एक रीत. मनाशी ठरवून टाकलंय, आता करणारच, हेही त्याच रीतीनं म्हणता येतं. उद्या या वेळी मी कापूस वेचत असेन, ही दुसरी रीत. आणि शाळा सुटेस्तोवर माझं पाणी घालून झालेलं असेल, ही तिसरी. ही तिसरी तिला फार आवडली. काम अजून हातीही घेतलं नाही आणि माणूस ते उरकून पलीकडं जाऊन उभा! आपल्या गावात एवढी धमक कुणात आहे, असं तिला वाटायचं, आणि मग आपल्याच गावाचा राग यायचा.

आश्विन लागला आणि मास्तरांना हुकूम आला. नांदेड मुंबई राज्यात जाणार, म्हणून नांदेडकडच्या नोकरांनी तिकडं हजर व्हायचं. नवा मास्तर कधी येणार? आदिलाबादच्या कचेरीतून निरोप आला की नव्या राज्याचं बस्तान बसल्यावर पाहू. तोवर शाळा बंद दिसली तर ती कागदावरूनही उठेल आणि पोरांनी बेल्याला जावं. बेलं म्हणजे बैलगाडीची दुपारभराची वाट. पोरं कदाचित जातील, पोरी मात्र घरीच बसतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. जयवंताला स्वतःची चौथी इयत्ता आठवली. तिच्या नंतरची पाचवी अशाच एका 'पाहू'नं खाल्ली होती.

माणिकराव जेवायला बसले तेव्हा तिनं भाकरी वाढता वाढता विषय काढला. "मामाजी, मास्तर तं गेले. आता शाळा मी चालवीन."

"पाहू. राज्याचं ठरू दे."

"राज्य कोनतंबी येवो, पोरं तं हेच राहतीन ना?"

"बाईमानसानं शाळेत उभं राह्यचं? तेबी तुयासारखीनं? लोक काय म्हनतीन?"

"लोक पाहू म्हनतीन. आजवर दुसरं काय म्हनले?"

माणिकरावांनी ताटातच हात धुतला आणि उठून गेले. मास्तरांनी शाळेची किल्ली त्यांच्याकडंच सोपवली होती, ती त्यांनी करगोट्याला बांधली. जयवंता चुलीपुढं बसून रडली. दुःखानं नाही, संतापानं. नवरा गेला तो देवानं नेला असं सगळे म्हणाले, तिनं मान्य केलं. पण शाळा काही देव नेत नव्हता. ती हे लोक बसल्या जागी, पान चघळत घालवत होते.

दसरा आला. बापे लोक नवे धोतर-फेटे घालून शिवेबाहेर गेले. जयवंता मागोमाग निघाली आणि शिवेअलीकडच्या तुरीत उभी राहिली. तूर डोक्याएवढी झाली होती. तिथून सगळं ऐकू येत होतं. माणिकरावांनी फांदी वाकवून पहिलं पान तोडलं आणि कौलंवाल्याला विचारलं, "बोल." तो म्हणाला, "औंदा काय बोलू? राज्याचं ठरलं की पाहू." लगीनवाला म्हणाला, पाहू. गावविहिरीशेजारी राहणारा दादाजी म्हणाला, पाहू. जिथं वर्षातून एकदाच माणसं उघडं बोलत, तिथंही त्यांनी तोंडात मूग धरले. पान माणिकरावांच्या हातातच कोमेजायला लागलं.

जयवंताला राहवलं नाही. पदर खोचून ती तुरीतून बाहेर पडली आणि शीव ओलांडून सरळ आपट्याखाली येऊन उभी राहिली.

"सूनबाई, माघारी फीर," माणिकराव दरडावून म्हणाले.

"बोल देऊन फिरते," ती म्हणाली. "दिवाळी झाली की सोनखासची शाळा मी उघडीन. मराठी शिकवीन, इंग्रजी शिकवीन. राज्य मुंबईचं येवो का आंध्राचं. पोरीबी येतीन, त्यायलेबी शिकवीन."

गर्दीतून कुणी तरी कळवळून म्हणालं, "देवानं केलं तं, म्हन बाई."

"नाई म्हनत. त्याले कायले कामाले लावू? मी करीन."

तिनं तळहात पुढं केला. माणिकरावांनी पान दिलं नाही. सारं गाव पाहत होतं. तेव्हा जयवंतानं हात वर केला, स्वतःच एक पान तोडलं आणि सासऱ्याच्या तळहातावर ठेवलं. "तुमी देत नसान तं मी देते. हे ठेवून घ्या. मी फिरली तं गावासमोर मले दाखवा."

दसऱ्याचं सोनं कुणी भुईवर टाकत नाही. माणिकरावांनी मूठ मिटली, एवढंच.

पहिल्या नोव्हेंबरला गाव आंध्र प्रदेशात गेलं. आता तर संपलंच, असं लोक म्हणाले. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंता शाळेत गेली. दाराला कुलूप होतं. तिनं किल्ली मागितली नाही. ओसरी सारवली, फळा म्हणून चुलीतल्या काजळीनं भिंतीचा एक तुकडा काळा केला आणि बसली. दोन पोरी आल्या, त्यांच्या मागं शेंबूड पुसत एक पोरगा. कोपऱ्यात सोनाबाई वाती घेऊन आधीच बसली होती. येणारे जाणारे हसत. माणिकराव सुनेशी बोलेनासे झाले, आणि रोज शाळेवरून जाताना मान दुसरीकडं वळवू लागले.

पण पोरं वाढली. आणि घरोघरी एक नवीनच कटकट सुरू झाली. पोरं उघडं बोलायला लागली. "आई, उद्या मी पाटी आणीन." आई दचकून म्हणायची, "देवानं केलं तं म्हन रे!" पोरगं म्हणायचं, "मीच आनीन ना, देव काऊन आनीन?" एका घरी बापानं यावर पोराला धपाटा घातला आणि रात्रभर तळमळून सकाळी अंगणातली कौलं छपरावर चढवायला घेतली. दादाजीनं गाळ काढायला विहिरीत माणूस उतरवला. राज्याचं त्यांना कुणी विचारलंही नाही.

संक्रांत झाल्यावर आदिलाबादहून शाळा तपासणारे साहेब आले. तेलुगू माणूस, हिंदी बोलणारा, स्वभावानं चांगला. त्यांनी पोरांचं वाचन ऐकलं, मान डोलावली आणि गावचे वडील म्हणून माणिकरावांना बोलावून घेतलं. म्हणाले, ही बाई नेमलेली नाही, आणि मराठी शाळांचं पुढं काय करायचं तेही वर ठरलेलं नाही. तोवर बंद ठेवलेली बरी. मग जीपकडं वळता वळता ते मोकळेपणानं बोलले, "बाद में देखेंगे."

माणिकराव थबकले. जन्मभर आपण जो शब्द दुसऱ्यांच्या तोंडावर मारला, तो आज असा परक्या बोलीत आपल्याच तोंडावर येऊन बसला होता. जयवंता ओसरीवर खडू हातात धरून उभी होती. तिचा बोल तिनं देऊन टाकला होता.

"देखेंगे नको साहेब," माणिकराव म्हणाले. "चलेगी. कागद तुमी करा, नाई केला तं मी आदिलाबादेत तुमच्या कचेरीपुढं येऊन बसीन. पन शाळा चलेगी."

मग ते ओसरी चढले, करगोट्याची किल्ली सोडून कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. फेट्याच्या पदरातून वाळून तपकिरी झालेलं आपट्याचं पान काढलं आणि सगळ्यांसमोर सुनेच्या तळहातावर ठेवलं. "शाळा चालीन," ते गावाकडं पाहून मोठ्यानं म्हणाले.

कोपऱ्यातून सोनाबाई घाबरून पुटपुटली, "देवानं केलं तं, म्हना ना."

"नाई म्हनत," माणिकराव म्हणाले.