सातोबाचं गाणं

बायकोला माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत. ही एक सोडून. आमच्या बेंजो पार्टीतल्या पोरांनाही ठाऊक नाही, देवापुढं उभा राहिलो तेव्हाही तोंडातून निघाली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? नव्वदच्या दशकात सांगली-सातारा भागात तुमच्या घरी लग्न निघालं असेल, तर वरातीत बेंजो वाजवणारा बहुतेक मीच होतो.

माझ्या हाताबद्दल मी खोटी नम्रता दाखवणार नाही. विट्यापासून कोरेगावपर्यंत लोक आधी आमच्या पार्टीला विचारायचे आणि मग मुहूर्त पक्का करायचे. टाइपरायटरसारख्या बटणांचा तो डबा माझ्या बोटांखाली बोलायचा. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं — एवढं चांगलं वाजवणाऱ्याला हे करायची गरज काय होती?

आमच्या माधवनगरात नाना राहायचे. सुताच्या गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडल्यावर घरीच असायचे. त्यांची एकच गोष्ट होती. ते तरुण असताना गिरणीत नवी मशिनं बसवायला एक जपानी माणूस आला होता. नाव सातो, नाना त्याला सातोबा म्हणायचे. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं तीन महिने एकत्र राबले. जेवणाच्या सुट्टीत सातोबा छोट्या टेपवर एक गाणं लावायचा आणि नाना पान्यानं मशिनीवर ताल धरायचे. जाताना त्यानं ती कॅसेट नानांच्या हातात ठेवली. पुढं ती घरातच कुठंतरी हरवली. मग काय, पुरावाच गेला — लोकांना थट्टेला आयतंच सापडलं. "नाना, सातोबाचं पत्र आलं का?" मीही विचारायचो. नाना चिडायचे नाहीत. "कॅसेट घावू दे, मग बोल," एवढंच म्हणायचे.

त्यांचा टेप बिघडला तेव्हा त्यांनी खोकंभर जुन्या कॅसेट मला देऊन टाकल्या. "भजनंच हायती सगळी. तुला वरनं गाणी भरायला हुतील रं." मी एकेक तपासायला बसलो. अशाच एका कॅसेटवर भजन संपलं, जरा खरखर झाली आणि अचानक लाटांचा आवाज. मग हवाईयन गिटारीची घसरत जाणारी तार, छोटे ढोल आणि एका बाईचा गळा. एक शब्द कळत नव्हता, पण ऊन, वारा, नारळाची झाडं, सगळं त्यात होतं. मी तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. अंगावर काटा आला. नानांच्या घरच्यांनी त्याच कॅसेटवर भजन भरलं होतं आणि शेवटचं हे एक गाणं तेवढं वाचलं होतं. ते कुणाचं, हे मला पहिल्या क्षणीच कळलं. मी गोंधळलो होतो असं म्हणायला इथं जागाच नाही.

नानांचं घर चार दारं सोडून. गेलो का? नाही. आधी बोटात बसवू, मग देऊ, असं ठरवलं. बसली चाल. पहिल्यांदा वाजवली तेव्हा अख्खी वरात जागच्या जागी थांबली. कुणीतरी विचारलं, कुठली चाल रं ही? आणि मी म्हणालो — माझी. वर्षभरात ती आमच्या पार्टीची ओळख झाली. आता कॅसेट परत करायची म्हणजे सगळ्यांसमोर उघडं पडायचं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

मग विट्यातली ती वरात. नानांच्या भाच्याचं लग्न. दूरदूरच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं असलेले सगळे पाहुणे गावी आलेले, जो तो खुशीत. ऊन कलायला लागलं होतं. मी चाल सुरू केली आणि गर्दीतून वाट काढत नाना आले. बोटांनी हवेत ताल धरलेला, हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माझा दंडच धरला. "हेच ते! माझ्या सातोबाचं गाणं! सांग की रं यास्नी, मी खोटं बोलत न्हवतो!"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी नुसती मान हलवली असती, तर वीस-बावीस वर्षांची थट्टा तिथंच संपली असती. कळत नव्हतं का मला? चांगलं कळत होतं. मी माइक ओढून घेतला. "आवं नाना, ही माझी चाल हाय. वय झालं तुमचं, आता विट्यातबी जपान दिसाय लागला व्हय?"

केवढा हशा पिकला. भाचासुद्धा हसला. नानांनी दंड सोडला आणि गर्दीत मागं मागं सरकत गेले. आणि मी? मी पुढचं कडवं वाजवलं. एक सूरही चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात उभे. वाटलं, भांडायला आले. धुतलेला सदरा, टोपी काढून हातात धरलेली. बसा म्हटलं तर बसेनात.

"चुकलं गड्या माझं," म्हणाले. "चार माणसांत तुझ्या कलंवर बोट ठिवलं. लय इचार केला. ते गाणं कसं हुतं, आता माझं मलाच सांगता येईना. सातोबा तरी खरंच आल्ता का न्हाई, कुणास ठावं. मनावर घिऊ नगंस."

कॅसेट माझ्या पाठीमागच्या फळीवर होती. हात मागं केला असता तर लागली असती.

त्यानंतर नानांनी सातोबाचं नाव कधी काढलं नाही. चार वर्षांनी ते गेले. कॅसेट अजून माझ्याकडं आहे, अजून वाजते. आणि त्या सकाळी मी काय केलं, तेही सांगून टाकतो. मी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणालो, "जाऊ द्या नाना, हुतं असं कवा कवा." मोठ्या मनानं मी त्यांना माफ केलं.